पाठीवरची गोष्ट: फँटसी गेममधल्या पात्रांचे पंख कसे वाचावेत

थर्ड पर्सन कॅमेऱ्याचा, म्हणजे पात्राच्या मागून बघणाऱ्या कॅमेऱ्याचा गेम खेळताना आपल्या पात्राचा चेहरा आपल्याला दिसतो तो कटसीनपुरता, म्हणजे मधल्या चित्रफितींपुरता. बाकीचे तीस-चाळीस तास डोळ्यांसमोर असते ती त्याची पाठ. चालताना पाठ, लढताना पाठ, दरीच्या कडेला उभं राहून खाली बघतानाही पाठच. म्हणून त्या पाठीवर जे काही असेल, झगा, तलवार किंवा पंख, तोच खेळाडूसाठी पात्राचा खरा चेहरा होतो. गेम बनवणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं.

तरीही पंख दिसले की आपण पटकन अर्थ लावून मोकळे होतो. पांढरे दिसले, देवदूत. काळे दिसले, पतित. चामडी असले तर सैतान. इथेच थांबलं की गेमने सांगितलेली निम्मी गोष्ट हातातून निसटते. माझं अनेक वर्षांच्या खेळण्यातून बनलेलं मत असं आहे की पंखांचा अर्थ त्यांच्या इतिहासात आणि आपल्या बोटाखालच्या बटणात असतो. ते आले कुठून, त्यांची किंमत कोणी मोजली, ते आपल्याला नेमकं काय करू देतात आणि कधी दगा देतात, हे बघत गेलं की रंगाबद्दल बोलायची वेळ अगदी शेवटी येते.

खालच्या पायऱ्या एखादं पात्र समजून घेण्यासाठी आहेत. स्वतःचं पात्र रचणाऱ्यांनाही त्या उलट्या क्रमाने वापरता येतील. पुढे बऱ्याच गेमच्या कथा, काहींचे शेवटही, उघड केले आहेत, तेव्हा जो गेम खेळायचा राहिलाय त्याचा परिच्छेद सोडून द्या.

सुरुवातीला एक वही घ्या आणि एकच पात्र निवडा. त्याचे तीन स्क्रीनशॉट काढा: पंख मिटलेले, पंख पसरलेले, आणि पात्र जखमी किंवा हरलेलं असतानाचे. हा तिसरा स्क्रीनशॉट काढायचा सहसा कोणाला सुचत नाही, पण सगळ्यात जास्त तोच बोलतो.

पायरी १: पंख कशाचे आहेत ते बघा

पिसांचे पंख सर्वांत जुने आणि सर्वांत ओळखीचे. ग्रीकांची विजयदेवता नायकी पिसांच्या पंखांची, इजिप्तची आयसिस पंख पसरून मृताचं रक्षण करणारी. आपण मराठीत एखाद्याला पंखाखाली घेतो ते पिसांच्याच, कारण पिसांत ऊब असते. पिसांचा आणखी एक गुण गेमवाल्यांना फार उपयोगी पडतो. पीस गळतं. पात्र निघून गेल्यावर एक पीस तरंगत खाली येतं आणि ते इथे होतं याची खूण मागे राहते. चामडी पंखांना ही सोय नाही.

चामडी पंख म्हणजे वटवाघळाचे. युरोपातल्या चित्रकारांनी मध्ययुगाच्या उत्तरार्धात सैतानाला हे पंख दिले आणि तेव्हापासून ते त्याला चिकटले. पण वटवाघळाचा पंख जवळून बघा. त्यातल्या लांब काड्या ही बोटं आहेत, आणि बोटांमध्ये कातडी ताणलेली आहे. म्हणजे हा पंख मुळात एक प्रचंड पसरलेला पंजा आहे. चामडी पंखांचा खलनायक आपल्यावर झुकला की जी धास्ती वाटते, तिचं कारण मला हेच वाटतं. एक हात आपल्यावर मिटत येतोय, हे डोळ्यांना कळतं.

कीटकांचे पंख रूपांतर सांगतात. ग्रीक भाषेत आत्मा आणि फुलपाखरू या दोहोंना 'सायकी' हा एकच शब्द आहे. 'बेयोनेटा' (२००९) मधली नायिका हवेत दुसरी उडी मारते तेव्हा क्षणभर तिच्या पाठीवर फुलपाखराचे पंख उमटतात. ते तिच्याशी करार झालेल्या शक्तीचे असतात. 'एल्डन रिंग' (२०२२) मधली मलेनिया लढाईच्या दुसऱ्या टप्प्यात फुलासारखी उमलते, पण तिचे लाल पंख कुजण्याच्या देवतेचे आहेत. कोषातून बाहेर पडलेलं सुंदरच असेल असं नाही, हे तिथे अंगावर येतं.

प्रकाशाचे पंख हा खास गेममध्येच बहरलेला प्रकार. 'डायब्लो' मालिकेतल्या देवदूतांच्या पाठीवर पिसं नाहीत, प्रकाशाच्या सळसळत्या दोऱ्या आहेत, आणि टोपाखाली चेहऱ्याच्या जागी अंधार. त्यांना ऊब नाही. ते नियम आहेत, न्याय आहेत, शौर्य आहेत, पण माणसं नाहीत. हा निर्णय पुढच्या एका पायरीत कामी येणार आहे.

पायरी २: मोजा

खरोखर बोट ठेवून मोजा. दोन पंख म्हणजे समतोल, त्यात वेगळं काही सांगायचं नसतं. आकडा दोनपासून हलला की कान टवकारा.

सहा पंखांचं मूळ बायबलमध्ये आहे. यशया संदेष्ट्याला दिसलेल्या सेराफांना, म्हणजे देवाच्या सिंहासनाजवळच्या देवदूतांना, सहा पंख होते: दोन तोंड झाकायला, दोन पाय झाकायला, आणि उडायला फक्त दोन. सहांपैकी चार पंख नम्रतेचे. गेममध्ये मात्र सहा पंख सहसा ताकदीचा आकडा म्हणून येतात. जिथे ते चेहऱ्यावर मिटलेले दिसतील तिथे समजा की त्या चित्रकाराने मूळ वाचलंय.

एकच पंख म्हटलं की 'फायनल फँटसी ७' (१९९७) चा खलनायक सेफिरॉथ आठवायलाच हवा. त्या गेमच्या शेवटच्या लढाईतलं त्याचं रूप बघा. कमरेखाली पाय नाहीत, तिथे फिकट पंखांचे थर आहेत, आणि उजव्या हाताच्या जागी एकच काळा पंख आहे. नोबुओ उएमात्सु यांनी त्या लढाईसाठी केलेल्या रचनेचं नावच 'एकपंखी देवदूत' अशा अर्थाचं आहे. तो पंख पाठीवर नाही, हाताच्या जागी आहे, यावर थोडं थांबा. सेफिरॉथ तलवार डाव्या हाताने चालवतो. म्हणजे त्याने देव होण्यासाठी दिला तो उरलेला हात, शस्त्र न धरणारा, ज्याने कोणाला सावरता आलं असतं तो. हे माझं वाचन आहे, स्टुडिओचं विधान नव्हे. पण एकदा सुचल्यावर मला ते रूप दुसऱ्या कशाच्या नजरेने बघता आलेलं नाही.

पुढच्या खेळांत आणि चित्रपटात तो नेहमीच्या मानवी शरीरात, पाठीवर एक काळा पंख घेऊन येतो. तिथे अर्थ थोडा पातळ होतो, आकृती मात्र जास्त लक्षात राहते. एका पंखाने पक्ष्याला उडता येत नाही, आणि हा उडतो. निसर्गाचा नियम मोडलाय हे सांगायला तेवढं पुरतं.

पायरी ३: पंख आले कुठून?

ही पायरी सर्वांत मोठी आहे आणि इथे घाई करू नका. मराठीच बघा ना. 'पोराला पंख फुटले' म्हणजे तो स्वतंत्र झाला, आता घरात थांबायचा नाही. 'मुंगीला पंख फुटले' म्हणजे माज आला आणि शेवट जवळ आला. फुटले तेच, पण कोणाला आणि कशाने, यावर अर्थ उलटतो. गेममध्येही तसंच आहे.

जन्मतः मिळालेले पंख सहसा जमातीची गोष्ट सांगतात. 'फायर एम्ब्लेम: पाथ ऑफ रेडियन्स' (२००५) मध्ये पंख असलेल्या तीन जमाती आहेत: ससाणे, डोमकावळे आणि बगळे. बगळ्यांचे पंख पांढरेशुभ्र, ते लढत नाहीत, गातात, आणि त्यांच्या गाण्याने साथीदाराला पुन्हा एकदा चाल करता येते. त्यांची जवळजवळ सगळी जमात एका कत्तलीत मारली गेलेली असते. म्हणून राजपुत्र रेसनच्या पाठीवरचे पंख बघताना त्याच्या एकट्याचं सौंदर्य दिसत नाही, न उरलेले सगळे दिसतात.

कमावलेले पंख म्हणजे वयात येणं. 'द विंड वेकर' (२००२) या 'झेल्डा' मालिकेतल्या गेममध्ये रीटो जमातीची मुलं बिनपंखांची असतात. पर्वतावरच्या व्हॅलू ड्रॅगनकडून खवला आणला की पंख फुटतात. राजपुत्र कोमाली जायला घाबरतो, कारण ड्रॅगन खवळलाय. आजीने दिलेला मोती मुठीत धरून तो खोलीत बसून राहतो. तो मोती तो शेवटी नायकाला देऊन टाकतो, आणि त्यानंतर आपल्याला भेटतो तो उडणारा कोमाली. मूठ उघडली, मग पंख आले. क्रम नोंदवून ठेवा. लेखकांनी तो उगाच ठेवलेला नाही.

दिलेले पंख, म्हणजे दुसऱ्याच्या कृपेने चालणारे. 'किड इकारस: अपरायझिंग' (२०१२) मधला पिट देवदूत आहे, पाठीवर छान पांढरे पंख आहेत, आणि त्याला स्वतःहून उडता येत नाही. देवी पॅलुटेना त्याला उडण्याची शक्ती देते, तीही पाच मिनिटांपुरती. त्यापुढे पंख जळतात. त्याची निष्ठा, त्याचा आनंदी स्वभाव, तिच्यावरचं त्याचं अवलंबन, सगळं या पाच मिनिटांत बसवलंय.

हपापून घेतलेल्या पंखांचा नमुना म्हणजे 'वॉरक्राफ्ट ३' (२००२) मधला इलिडन. गुलदान या मेलेल्या मांत्रिकाच्या कवटीतली शक्ती तो स्वतःत ओढून घेतो आणि त्याला शिंगं, खूर आणि चामडी पंख फुटतात. त्या शक्तीने तो शत्रूच्या सरदाराला मारतो, जंगलासाठीच मारतो, आणि तरी सख्खा भाऊ त्याला हाकलून देतो. मुंगीच्या म्हणीइतकं हे सरळ नाही. त्याने केलेलं काम बरोबर होतं आणि त्याचं रूप परत येण्यासारखं राहिलं नव्हतं, दोन्ही एकाच वेळी खरं.

राहिले किंमत मोजून घेतलेले पंख. इथे मी 'टेल्स ऑफ सिंफोनिया' (२००३) मधल्या कोलेटपाशी नेहमी रेंगाळते. जगाच्या उद्धारासाठी निवडलेली ही मुलगी एकेक मोहोर (सील) उघडत जाते आणि टप्प्याटप्प्याने देवदूत होते. गुलाबी, पारदर्शक पंख येतात, सगळे भारावतात. आणि प्रत्येक टप्प्यावर तिचं काहीतरी जातं. आधी भूक, मग झोप, मग स्पर्शाची जाणीव, मग आवाज. ती कोणाला सांगत नाही. तिचा मित्र लॉइड तिच्या हातात कॉफी देतो, आणि ती गरम आहे की गार हे तिला कळत नाही यावरून त्याला सत्य उमगतं. पंखांबद्दलचा इतका हलवून सोडणारा प्रसंग मी दुसरा पाहिलेला नाही, आणि त्यात पंख चौकटीतही नसतात. एक मुलगी, एक कप.

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट: शॅडोलँड्स' (२०२०) मधले किरियन याच धाग्यातले. उमेदवारांना पंख मिळतात, पण त्यासाठी मर्त्य आयुष्यातल्या आठवणी सोडाव्या लागतात. त्याविरुद्ध बंड करणाऱ्यांचे पंख काळवंडलेले दाखवलेत. आता स्वतःला विचारा: आठवण धरून ठेवणारा काळा पंख आणि आठवण विसरलेला निळसर शुभ्र पंख, यांत पवित्र कोणता? गेमने उत्तर सोपं ठेवलेलं नाही.

वहीत एकच ओळ लिहा: हे पंख मिळवण्यासाठी पात्राने काय दिलं? उत्तर 'काहीच नाही' आलं, तर ते पंख बहुधा शोभेचे आहेत.

पायरी ४: कंट्रोलर हातात घ्या आणि घड्याळ लावा

चित्रात किंवा कादंबरीत पंखांचा अर्थ डोळ्यांना कळतो. गेममध्ये तो अंगठ्याला कळतो. म्हणून हा प्रयोग कराच. उंच जागा शोधा आणि तीन गोष्टी तपासा: पात्र किती वेळ हवेत राहतं, वर जाऊ शकतं की फक्त खाली तरंगतं, आणि पंखांमुळे त्याचं काही नुकसान होतं का.

'स्पायरो द ड्रॅगन' (१९९८) मधला छोटा ड्रॅगन उडण्याच्या खास पातळ्या सोडल्या तर फक्त तरंगतो. लहान आहे, पंख पुरेसे नाहीत. त्यामुळे प्रत्येक उडी आधी नजरेने मोजावी लागते, आणि आपण एका पिल्लाच्या शरीरात आहोत हे न सांगता समजतं. 'होलो नाइट' (२०१७) मध्ये राजपंख मिळाल्यावर उडता येत नाहीच, हवेत फक्त एक जास्तीची उडी मिळते. पण तोवर कित्येक तास आपण ज्या कड्यांखालून मान वर करून गेलेलो असतो, ते सगळे अचानक आवाक्यात येतात. नकाशा तोच, आपण बदललेलो. त्या एका उडीत मला पूर्ण उड्डाणापेक्षा जास्त स्वातंत्र्य वाटलं, कारण आधीचं बंधन हाताला आठवत होतं.

'आयॉन' (२००८) या ऑनलाइन गेममध्ये सगळ्याच खेळाडूंना पंख असतात, आणि उडण्याची वेळ पट्टीवर मोजली जाते. पट्टी रिकामी झाली की आकाशातून खाली. 'फायर एम्ब्लेम'मध्ये पंखवाल्या घोड्यावरचा स्वार डोंगर-नद्या सहज ओलांडतो, पण एक धनुर्धर त्याला जमिनीवरच्या सैनिकापेक्षा कितीतरी जास्त जखमी करतो. उंचावर गेलेला सगळ्यांना दिसतो, ही गोष्ट तिथे आकड्यांत मांडली आहे.

सर्वांत सुंदर नियम 'स्काय: चिल्ड्रन ऑफ द लाइट' (२०१९) चा. तिथे पंख म्हणजे पाठीवरचा झगा. प्रत्येक झेपेला त्यातली शक्ती संपते आणि प्रकाशाजवळ किंवा दुसऱ्या खेळाडूच्या सोबतीत ती पुन्हा भरते. अनोळखी माणसाचा हात धरून उडत राहिलं की लांबवर जाता येतं. मैत्रीवर एक वाक्यही न लिहिता सांगितलेला हा अर्थ आहे.

कटसीनमध्ये एक आणि खेळताना दुसरंच, असंही घडतं. कटसीनमध्ये ढग भेदून जाणारं पात्र खेळताना कमरेएवढी भिंत ओलांडू शकत नसेल, तर त्या पंखांवर फार अर्थ लादू नका. तिथे चित्रकार आणि नियम रचणारे एकमेकांशी बोललेले नाहीत.

पायरी ५: ते कधी दिसतात

काही पंख लपलेले असतात. 'बाल्डर्स गेट ३' (२०२३) मधला राफाएल गोड बोलत मानवी रूपात भेटतो आणि मग स्वतःच मुखवटा उतरवून शिंगं आणि चामडी पंख दाखवतो. पकडला गेलाय म्हणून नव्हे, आता लपवायची गरज नाही म्हणून. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मधल्या पॅलेडिनला, म्हणजे पवित्र शक्तीच्या योद्ध्याला, सोनेरी पंख काही सेकंदांपुरते फुटतात, आणि खेळाडू त्या शक्तीला नुसतं 'विंग्ज' म्हणतात. लपलेल्या पंखांबद्दल एवढंच विचारा: दाखवायचा निर्णय पात्राचा आहे की परिस्थितीचा?

पायरी ६: पंख जातात कसे

उपटले, छाटले, की जळले? तिन्हींचा अर्थ निराळा.

'डायब्लो ३' (२०१२) मध्ये न्यायाचा देवदूत टायरिएल मानवांच्या बाजूने हस्तक्षेप केल्याबद्दल स्वर्गात जाब विचारला जातो तेव्हा स्वतःचे पंख स्वतः फाडून टाकतो आणि माणूस म्हणून पृथ्वीवर कोसळतो. पहिल्या पायरीतले ते प्रकाशाचे पंख आठवा. ऊब नसलेला नियम होता तो, आणि पंख गेल्यावर टोपाखालच्या अंधारातून पहिल्यांदा एक चेहरा बाहेर येतो. 'ड्रॅगन क्वेस्ट ९' (२००९) चा नायक असाच स्वर्गातून पडतो आणि पंख व तेजोवलय गमावतो. पण त्याच्या बाबतीत तो अपघात असतो. खरा निर्णय नंतर येतो. त्याच्या जमातीला वरिष्ठावर शस्त्र उचलताच येत नाही, म्हणून कथेच्या शेवटाकडे तो स्वेच्छेने मर्त्य होतो, आणि तेव्हा कुठे त्याला लढता येतं. दोन्हीकडे पंख जाणं ही शिक्षा दिसते आणि असते मोकळीक.

जळलेल्या पंखांबाबत पाश्चात्त्य गेम इकारसकडे बघतात: सूर्याच्या फार जवळ गेला, मेण वितळलं, पडला. स्वतःच्या हौसेने. आपल्याकडची गोष्ट वेगळी आहे. जटायू सूर्याच्या तापाने होरपळू लागला तेव्हा थोरल्या संपातीने त्याच्यावर आपले पंख धरले आणि स्वतःचे जाळून घेतले. आता 'किड इकारस: अपरायझिंग'मधला पिट पुन्हा आठवा. त्याचे पंख जळतात ते आपल्याच काळ्या प्रतिरूपाला, डार्क पिटला, वाचवण्यासाठी तो मर्यादेपलीकडे उडतो तेव्हा. गेमचं नाव इकारसचं आहे आणि कृती संपातीची. हे लक्षात आलं त्या दिवशी मी तो भाग पुन्हा खेळले.

छाटलेले पंख शत्रूचे काम असतात, त्यामुळे त्यात अर्थ शोधायचा तो छाटणाऱ्याचा. रावणाने जटायूचे पंख कापले, यातून आपल्याला जटायूबद्दल नवीन काही कळत नाही. तो लढणारच होता. कळतं ते रावणाबद्दल.

पायरी ७: आता रंग

आता रंगाची नोंद करा आणि आधीच्या नोंदींशी ताडून बघा. जुळला तर ठीक, विसंगत निघाला तर तिथेच मजकूर आहे. 'फायर एम्ब्लेम'मधला डोमकावळ्यांचा राजा नेसाला काळ्या पंखांचा आणि दगाबाज. पण पुढच्या गेममध्ये (२००७) उलगडतं की एका रक्तकराराने त्याचे हात बांधलेले आहेत आणि मोडला तर त्याची प्रजा मरेल. 'बेयोनेटा'मध्ये पांढरे-सोनेरी देवदूतच शत्रू आहेत, आणि त्यांचं संगमरवरी कवच फुटलं की आत कच्चं मांस दिसतं. 'प्लेनस्केप: टॉर्मेंट' (१९९९) मधली फॉल-फ्रॉम-ग्रेस चामडी पंखांची सकबस, म्हणजे पुरुषांना भुलवणारी सैतानी स्त्री, आहे, आणि त्या गेममधली सर्वांत संयमी, सुसंस्कृत व्यक्ती तीच. तिचे पंख म्हणजे ती जिथून निघाली तो पत्ता.

पायरी ८: स्वतःचं पात्र रचताना

क्रम उलटा करा. आधी ठरवा पंख कशाने जातील, मग कशाच्या बदल्यात आले, मग बटण दाबल्यावर काय होईल. चित्र शेवटी. चित्र काढायला बसलात की आकृती पूर्ण काळी भरून बघा. नुसत्या सावलीवरून पंख मिटलेले असतानाही पात्र ओळखू यायला हवं. पाठीवर जोड कुठे आहे ते ठरवा, नाहीतर पंख दप्तरासारखे अडकवलेले दिसतात. हात आणि पंख दोन्ही असतील तर खांद्यामागे त्या वजनाला पेलणारे स्नायू लागतात. आणि हे पात्र दारातून कसं जातं, झोपतं कसं, पाठ टेकून बसतं का, हे लिहून काढा. पंखांची अडचण जिथे दिसते तिथे ते खरे वाटायला लागतात.

पायरी ९: एकदा सगळं एकत्र

सरावासाठी 'ओरी'चे दोन्ही भाग घ्या, २०१५ आणि २०२० चे. ओरी नावाच्या छोट्या प्रकाशजीवाला स्वतःचे पंख नाहीत. पहिल्या भागात कुरो ही अजस्र घुबड त्याच्या मागे लागलेली असते. तिचंच गळलेलं पीस उचलून, ते छत्रीसारखं डोक्यावर धरून ओरी तरंगायला शिकतं. म्हणजे ज्या पंखांपासून आपण पळतोय, त्यांचाच तुकडा आपल्याला पडण्यापासून वाचवतो. बटण दाबून धरायचं, सोडलं की खाली. मग कळतं की कुरोची पिल्लं प्रकाशाच्या लोटात मेली होती आणि ती उरलेल्या एका अंड्यासाठी लढत होती. शेवटी त्या अंड्यासाठीच ती प्रकाश स्वतः परत नेऊन ठेवते आणि त्यात संपते.

दुसऱ्या भागात त्या अंड्यातून कू जन्मते, आणि तिचा एक पंख अधू असतो. घरचे सगळे मिळून त्या पंखाला कुरोचं जपून ठेवलेलं पीस बांधतात. कू उडते. पाठीवर ओरी. किती जोड्या, कशाचे, कुठून आले, किंमत कोणी मोजली: सगळ्या पायऱ्यांची उत्तरं त्या एका बांधलेल्या पिसात आहेत. आईने पिल्लाला पंखाखाली घेतलं, फक्त तेव्हा आई नव्हती.

आणि मग श्रीक. मेलेल्या जंगलात जन्मलेली, आईवडील दगड झालेले, सुकल्या हाडांसारखे पंख, कोणीच जवळ न केलेली. ती कूला मारते आणि आपण तिच्याशी लढतो. लढाई जिंकल्यावर लगेच पुढे जाऊ नका. हरलेली श्रीक जखमी अवस्थेत त्या मुक्या जंगलात परतते, आपल्या आईवडिलांच्या दगडी पंखाखाली सरकते आणि तिथे डोळे मिटते. तिसरा स्क्रीनशॉट इथे काढा.